सारंगकाकांचे होया

"स्पिरिट होया."

दुकानाचं शटर अजून पुरतं वर गेलं नव्हतं, तेवढ्यात पायरीवरून हा आवाज आला. वळून पाहिलं तर उंच, काटक, पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ उभे. अंगात इस्त्रीचा शर्ट, खाली लुंगी, आणि चेहऱ्यावर घरी कुणाचा तरी जीव जातोय अशी कळा.

"कोणाक लागला?" मी घाईघाईने कापूस आणि पट्टी काढायला लागले.

"कोणाक नाय. होयाक."

"होय, पण कोणाक?"

"होयाक गो बाय! होयाक स्पिरिट होया!"

आमच्या मालवणीत 'होया' म्हणजे हवं. हवं त्याला हवं, एवढाच मला अर्थ लागला. माणूस घाबरलेला दिसत होता, म्हणून मी बाटली दिली आणि गप्प बसले. वेंगुर्ल्यात बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं औषधांचं दुकान नवीनच होतं तेव्हा. मी कुडाळची, लग्न होऊन इकडे आलेली. गावातली माणसं अजून ओळखीची व्हायची होती.

पुढच्या आठवड्यात ते पुन्हा आले. त्याच्या पुढच्याही. शेजारच्या सलूनवाल्याने एकदा हळूच सांगितलं, "ताई, तो सारंग. जन्म बोटीवर गेला. बोटीवरची माणसं काय काय पितात तुम्हाला ठाऊक नाही. जरा जपून द्या." मग मात्र माझं धाबं दणाणलं. चौथ्या खेपेला मी म्हटलं, "काका, डॉक्टरची चिठी हाडा."

मी काय समजतेय ते त्यांच्या लक्षात आलं, आणि ते हसतील किंवा चिडतील असं मला वाटलं होतं, तर तसं काहीच झालं नाही. त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे लोक माझ्याबद्दल तसा बोलतत? कोण कोण बोलता? आमच्या घराकडे कळला तर?" दुपारी मी दुकान बंद करेपर्यंत ते पायरीवर बसून राहिले आणि मला आपल्या घरी घेऊन गेले. साक्षीदाराला नेतात तसं.

चिऱ्याचं, कौलारू, बेताचं घर. पडवीच्या वाशांना रांगेने कुंड्या टांगलेल्या. त्यातून वेली खाली उतरलेल्या, दोऱ्यांवरून वर चढलेल्या, एकमेकींत गुंतलेल्या. पानं जाड, मेण लावल्यासारखी. काही बदामी, काही लांबट, काहींवर कुणी चांदीचा चुरा शिंपडल्यासारखे ठिपके. काका एका ठेंगण्या स्टुलावर बसले, आगकाडीच्या टोकाला कापूस गुंडाळला, स्पिरिटात बुडवला, आणि पानाच्या बेचक्यात बसलेला पांढरा, कापसासारखाच दिसणारा कसलासा पुंजका अलगद टिपून घेतला.

"पिठ्या ढेकूण," ते म्हणाले. "एक ऱ्हवलो तर आख्खी वेल खातलो. ह्या झाडाचा नाव होया. आता कळला, होयाक कित्याक होया ता?"

आतून त्यांची बायको, सुलूकाकी, पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिने सगळं ऐकलं होतं. ती तोंडाला पदर लावून इतकी हसली की तांब्यातलं पाणी सांडलं. काका मात्र हसले नाहीत. सलूनवाल्याला खरं काय ते कोण सांगणार, ही नवी काळजी त्यांना लागली होती.

सारंग म्हणजे बोटीवरच्या खलाशांचा मुकादम. दोर, साखळ्या, नांगर, रंगकाम, सगळ्या डेकची जबाबदारी त्याच्यावर. काकांचं नाव वासुदेव, पण त्या नावाने त्यांना हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. काकीसुद्धा दुसऱ्यांशी बोलताना "आमचो सारंग" म्हणायची. कौलांएवढ्या लाटा पाहिलेला, वादळात डेकवर दोराने स्वतःला बांधून काम केलेला हा माणूस निवृत्त होऊन जमिनीवर आला आणि त्याला सगळ्याची भीती वाटायला लागली.

गॅसचा रेग्युलेटर ते दिवसातून किती वेळा तपासत, देव जाणे. माडाखाली कुणाला उभं राहू देत नसत. कुणी पाहुणा गप्पा मारत माडाखाली गेला की त्याला दंडाला धरून बाजूला ओढत आणि मग वर बोट दाखवत. रस्त्याने जाणाऱ्याला "खंय चललंस? सांगाती कोण आसा? परत कधी येतलंस?" हे तीन प्रश्न चुकत नसत. माझा नवरा दोडामार्गला एका रबराच्या बागेवर कामाला होता, मोटरसायकलने जायचा. तो परत आला की नाही हे माझ्या आधी काकांना ठाऊक असायचं, कारण त्याच्या वाटेवर ते फाटकात उभे असत.

"बोटीर वाघ नि घराकडे मांजर," काकी म्हणायची.

मी एकदा त्यांना सरळ विचारलं, काका, समुद्रावर नाही वाटली ती भीती इथे कशाची वाटते? ते वेलीचा एक लोंबता शेंडा दोरीवर चढवत होते. त्यांची ती बोटीवरची गाठ असायची. धरून ठेवायची घट्ट, पण एक हिसका दिला की सुटायची, वेलीला काचायची नाही. गाठ पुरी करून ते म्हणाले, "थंय काय झाला तर हात घालूक मी होतंय. दोर तुटलो, मी होतंय. आग लागली, मी होतंय. हय काय? लोक जातत, येतत, नि मी नुसतो बघतंय."

ह्या होयांचं प्रकरण त्यांच्या मुलीने सुरू केलं. पूर्वा त्यांची एकुलती एक. ती नकाशे आणि होकायंत्र शिकून बोटीवर अधिकारी व्हायला निघाली तेव्हा गावाला नवल वाटलं, काकीला अभिमान वाटला आणि काकांची झोप उडाली. त्यांनी तिला नको म्हटलं नाही. फक्त समुद्रावर काय काय होऊ शकतं हे रोज जेवताना सांगायला लागले. शेवटी पहिल्या बोटीवर चढायला जाण्याआधी पूर्वा गोव्यातल्या एका नर्सरीतून हिरवी वेल घेऊन आली, ती बाबांच्या हातात दिली आणि म्हणाली, "बाबा, तुमका काळजी करूकच होयी, तर हेची करा."

काकांनी ती इतकी केली की वेल महिन्याभरात मेली. रोज सकाळ-संध्याकाळ पाणी. वेल पिवळी पडली तर आणखी पाणी. मुळं कुजून लगदा झाली. पुढच्या बंदरातून पूर्वाचा फोन आला तेव्हा त्यांनी तिला ही बातमी अशी सांगितली, की काकी म्हणते, पलीकडे पोर आधी घाबरली, कोण गेलं म्हणून.

मग तिने शिकवणी घेतली. होयाचं पान जाड असतं, त्यात पाण्याचा साठा असतो; पान बोटांत धरून दाबायचं, मऊ लागलं तरच पाणी घालायचं. माती नको. नारळाच्या सोडणाचे तुकडे, लाकडी कोळसा, विटांची खडी, म्हणजे पाणी थांबत नाही. कुंडी लहानच हवी. ऊन डोक्यावरचं नको, पडवीतला उजेड पुरे. लांब, बिनपानांचा शेंडा वाळका दिसला तरी कापायचा नाही, तो आधार शोधत असतो. फुलं गळल्यावर मागे राहिलेला देठही तोडायचा नाही, कारण पुढच्या वेळी फुलं त्याच देठावर येतात. "नि बाबा, सगळ्यात मोठा म्हणजे, रोज रोज हात लावचो नाय."

हे शेवटचं त्यांना सर्वांत अवघड गेलं. पण जमलं. हळूहळू पडवी भरत गेली. पूर्वा रजेवर आली की नवी फांदी आणायची, काका ती सोडणात रुजवायचे. आणि एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. बापलेकीचं फोनवरचं बोलणं सगळं होयांबद्दलच असायचं. समुद्र कसा आहे, वारा किती, बोट कुठल्या वाटेने जाते, हे काका कधीच विचारत नसत. विचारलं तर उत्तर ऐकावं लागलं असतं. "त्या चांदीवाल्याक नवा पान इला," ते सांगायचे. पलीकडून पूर्वा म्हणायची, "उजेडाक ठेवलास मां?" एवढ्यावर दोघांना एकमेकांची खुशाली कळायची.

एका वर्षी चतुर्थीच्या तोंडावर होयाला पहिल्यांदा कळ्या आल्या. आल्या त्या नेमक्या पुढच्या दाराच्या चौकटीसमोर लोंबणाऱ्या वेलीला. उलट्या छत्रीसारखा कळ्यांचा झुबका, दारातून आत जाणाऱ्याच्या बरोबर कपाळाला लागेल असा. पूर्वाने बजावलेलं होतं: कळ्या आल्या की कुंडी हलवायची नाही, उजेडाची बाजू बदलली तरी कळ्या गळतात. काकांनी पुढच्या दारात आडवी दोरी बांधली. दूधवाला, गॅसवाला, भाचे, पुतणे, सगळी वाहतूक मागच्या दाराने. विजेचं मीटर पाहायला आलेल्या माणसालाही केळीतून वळसा घालावा लागला.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी काकीचा संयम संपला. "गणपतीक मागल्या दारान हाडतलास? आजपासून पुढल्या चवथीपर्यंत लोक माका काय म्हणतले?"

काका रात्रभर अस्वस्थ असावेत. सकाळी ते गणपतीच्या शाळेतून, म्हणजे मूर्तिकाराकडून, मूर्ती घेऊन आले, तेव्हा मी तिथेच होते. दारातली दोरी त्यांनी सोडवली होती, कुंडी तिथेच होती. झुबका त्याच सकाळी उमलला होता. पांढरे-गुलाबी, जाडसर, मेणात ओतून काढल्यासारखे तारे, प्रत्येकाच्या मध्ये लाल ठिपका. कुणाला काही कळायच्या आत काका दारात आले, गुडघे वाकवले, आणि मूर्ती छातीशी धरून उकिडवे, बदकासारखे चालत त्या फुलांखालून आत गेले. एवढा उंच माणूस, त्या वयात. कुणी हसलं नाही. मूर्ती फळा-पानांनी सजवलेल्या माटवीखाली बसवली तेव्हा तिच्या मुकुटावर एक चिकट, तांबूस थेंब दिसला. होयाच्या फुलातून मध ठिबकतो. काकी पुसायला गेली, तर काका म्हणाले, "ऱ्हवां दे. देवान आपणच घेतल्यान."

पूर्वा थर्ड ऑफिसर झाली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात ते सगळं घडलं.

तिची बोट ज्या सामुद्रधुनीतून जायची होती तिथे मालवाहू बोटींवर हल्ले होत होते. टीव्हीवर रोज दाखवायचे. काकांच्या मोबाइलवर बोटीची जागा दाखवणारा नकाशा होता. निळ्या पाण्यावर एक छोटा हिरवा बाण, तो म्हणजे पूर्वाची बोट. काका रोज सकाळी दुकानात येऊन तो मोबाइल माझ्यापुढे धरायचे. "तू बघ गो. माझे डोळे खोटा दाखवतत काय काय वेळा." मी बाण पाहायची, "आसा काका," म्हणायची, आणि मग ते घरी जायचे.

एका सकाळी बाण नव्हता.

"मुद्दाम बंद करतत," काका स्वतःच म्हणाले. "धोक्याच्या जाग्यार बोट आपला ठिकाण दाखवणा नाय. शाणपणाचा काम ता." त्यांना सगळं माहीत होतं. त्या अरुंद पाण्यात बोट कशी वळते, मदत कुठून येते, किती वेळात येते. दुसऱ्या कुठल्याही बापाला जे माहीत नसतं ते सगळं त्यांना माहीत होतं, आणि तेच त्यांच्या जिवावर उठलं होतं.

दुसऱ्या दिवशीही बाण दिसला नाही. पूर्वाचा फोन नाही, निरोप नाही. मुंबईच्या ऑफिसातून एकच उत्तर, संपर्क झाला की कळवतो. आणि काका बोलायचे थांबले.

काका काळज्या बोलून दाखवत होते तोवर मला त्यांची काळजी नव्हती. आता ते सकाळी यायचे, मोबाइल काउंटरवर ठेवायचे, मी मान हलवायची, ते मोबाइल उचलून जायचे. माझा नवरा फाटकासमोरून गेला तरी त्यांनी हाक मारली नाही. काकी म्हणाली, रेग्युलेटरकडे तर ते फिरकलेही नाहीत.

मग एका दुपारी काकीचा फोन आला. "बाय, जरा येशीत काय गो? ह्येंका काय झाला बघ."

मी गेले तर पडवीत वाशांना एकही कुंडी नव्हती. सगळ्या खाली, उलट्या, रिकाम्या. गोणपाटावर सगळे होया उघडे पडलेले. मुळं, मुळांना चिकटलेला कोळसा, सोडणाचे तुकडे, मोडलेल्या शेंड्यांतून गळणारा पांढरा चीक. मध्ये काका मांडी घालून बसलेले. हातात एक वेल, आणि बोटांनी एकेक मूळ सोडवून उजेडात पाहत होते.

"काका, ह्या काय केलात?"

"मुळां बघतंय."

"कित्याक?"

"वयल्यान सगळी बरी दिसतत." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "भितरसून कुसली आसली तर? वयल्यान काय कळता?"

काकी दारात उभी होती. ती गेले कित्येक दिवस स्वयंपाक करत होती, देवाला दिवा लावत होती, फोन उचलत होती. ती पुढे आली, नवऱ्याच्या हातातली वेल काढून घेतली आणि म्हणाली, "ता चेडू एकट्या तुमचाच नाय. माझाय आसा. माका भंय वाटना नाय?"

काकांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. इतकं पाहिलं, की मीच नजर वळवली. मला वाटतं, घरात भिणारं माणूस आपण एकटेच, असं ते इतकी वर्षं समजून चालले होते.

काकी खाली बसली. मी कोळसा आणला. आम्ही तिघांनी ती सगळी दुपार कुंड्या परत भरण्यात घालवली. टांगायच्या गाठी काकांना बसेनात. काकीने त्या साध्या, आपल्या नाडीच्या गाठींनी बांधल्या.

दोन दिवसांनी, मी गिऱ्हाईकाला गोळ्या मोजून देत असताना, काका दुकानाच्या पायरीवर आले. हात पुढे केलेला, हातात मोबाइल, आणि मोबाइलमधून कुणीतरी "हॅलो, हॅलो" करत होतं. फोन रस्त्यातच आला होता. उचलला, पण कानाला लावायचा धीर त्यांना झाला नव्हता.

मी घेतला. मुंबईच्या ऑफिसातला एक थकलेला पुरुषी आवाज म्हणाला, "पूर्वाच्या घरून बोलताय ना? बोटीवर हल्ला झाला होता. इंजिनरूमला आग लागली. पण सगळी माणसं लाइफबोटीने उतरली, दुसऱ्या बोटीने उचलली. सगळे जिवंत आहेत. पूर्वा आमच्या माणसांजवळ आहे, तासाभरात तुमच्याशी बोलेल. ऐकताय ना?"

"काका," मी म्हटलं, "पूर्वा बरी आसा."

ते पायरीवर खाली बसले. गिऱ्हाईक म्हणून आलेल्या बाईने स्वतःच्या पिशवीतून पाण्याची बाटली काढून त्यांना दिली. ती त्यांनी नुसतीच धरून ठेवली. मग म्हणाले, "सुलू घराकडे एकटी आसा," आणि लुंगी वर खोचून चक्क धावत सुटले.

पूर्वा आली ती बारीक होऊन. दिवसभर पडवीत बसायची. माडावरून झावळ पडली तरी दचकून उठायची. मुळं उकरलेल्या होयांपैकी अर्ध्याहून जास्त एव्हाना गेले होते. दारातला, गणपतीवर मध सांडलेला, तोही. पूर्वाने विचारलं तेव्हा काकी म्हणाली, कीड पडली. काका तिला काही विचारत नव्हते, ती आपण होऊन सांगत नव्हती. मग एक दिवस, उरलेल्या वेलींची पानं पुसता पुसता, तिनेच सांगितलं. लाइफबोट खाली सोडताना दोर अडकला होता. वर आगीचा लोळ. त्यांच्या बोटीवरचा सारंग, इस्माईल नावाचा, श्रीवर्धनकडचा, तो मागे राहिला आणि तापलेल्या लोखंडात हात घालून त्याने दोर मोकळा केला. सर्वांत शेवटी तो उतरला. त्याचे दोन्ही तळवे भाजले होते.

काकांनी फक्त विचारलं, "श्रीवर्धनाक खंय?"

त्या आठवड्यात काका श्रीवर्धनला गेले. कुडाळपर्यंत जायचं म्हटलं तरी आदल्या दिवसापासून एस्टीच्या वेळा विचारत फिरणारा माणूस, दोनदा एस्टी बदलून, एकटा. सोबत चांदीच्या ठिपक्यांचा होया नेला. पिशवीत घालून नाही, कुंडी मांडीवर घेऊन. काकी सांगते, परत आल्यावर त्यांनी प्रवासाबद्दल अक्षर काढलं नाही. जेवायला बसल्यावर एवढंच म्हणाले, "तेचे हात बघलंय. बोटां हलतत." आणि मग हात धुता धुता, "पाणी कमी घाल म्हणान सांगलंय."

पावसाळा सरत आला तेव्हा पूर्वाला नव्या बोटीचं बोलावणं आलं. सेकंड ऑफिसर म्हणून. काकीने ऐकलं आणि चुलीपुढून उठली ती थेट माझ्या दुकानात. "तू तरी सांग पूर्वाक, जाव नको म्हणान. नायतर ह्येंका सांग, तेका सांगूक." मी संध्याकाळी गेले. मी काय सांगणार होते मला ठाऊक नव्हतं, आणि सांगायची वेळ आलीच नाही. पूर्वा पडवीच्या कठड्यावर बसली होती, काका स्टुलावर. काकी दारात.

"बाबा," पूर्वा म्हणाली, "तुमी नको म्हणालास तर मी जावचंय नाय. खरा सांगतंय. तुमी म्हणा."

एक शब्द पुरला असता. काकांनी समोरच्या वेलीकडे पाहिलं. हात लावला नाही.

"माका इचारू नको," ते म्हणाले. "मी भियतंय. तू हय बसलंस तरी भियतलंय, थंय गेलंस तरी भियतलंय. माझी भीती ती माझी. तुझ्या गळ्यात कित्याक बांधू?"

काकी आत निघून गेली. त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही, असं पूर्वाने मला नंतर सांगितलं. पण काकीनेच दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी खाऊचे डबे भरायला काढले.

त्यानंतरच्या पावसाळ्यात काका गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. पूर्वा रजेवर घरीच होती, एवढं एक बरं झालं. आता पडवीतले होया काकी पाहते, आणि तिच्या हाताखाली ते काकांच्या हाताखालच्यापेक्षा जास्त फुलतात, कारण ती त्यांच्याकडे फारसं लक्ष देत नाही. मी तिला हे बोलून दाखवलं नाही. तिला कळलेलं असणार.

मला मात्र काका दिसतात ते कुडाळ स्टेशनवरचे, त्या नव्या बोटीसाठी पूर्वाला सोडायला गेलो त्या दिवशीचे. काकी आली नव्हती. मला औषधांचा माल उचलायला कुडाळला जायचंच होतं, म्हणून दोघांना माझ्या गाडीतून नेलं. वाटेत काकांनी मला एकदाही हळू चालव म्हटलं नाही. फलाटावर दोघं शेजारी उभी होती, पावसाने धुतलेल्या रुळांकडे बघत. गाडी आली. काकांनी पूर्वाची जड बॅग तिच्या हातातून घेतली, डब्यात चढवली, नीट आत सरकवली आणि खाली उतरले. पूर्वा दारात उभी राहिली. डोळ्यांत पाणी येऊ नये म्हणून ती उगाच हसत होती.

काका दोन पावलं मागे सरले. पाय थोडे फाकवून, हलत्या डेकवर उभं राहतात तसे ताठ उभे राहिले. जन्मभर विशीतल्या, तिशीतल्या अधिकाऱ्यांना ज्या शब्दाने त्यांनी हाक मारली असेल, तो शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

"बरां, साब," ते म्हणाले. "सांभाळून."

पूर्वाचं हसू थांबलं. थट्टा नव्हती ती, तिला कळलं. तिने दाराची दांडी घट्ट धरली.

"बरां, सारंग," ती म्हणाली. "येतंय."

गाडी हलली. शेवटचा डबा वळणाआड गेला, फलाट रिकामा झाला, चहावाल्यानेही आपली किटली उचलली. काका तसेच उभे होते, पाय फाकवून, हात पाठीमागे. मी गाडीच्या किल्ल्या हातात धरून बाकाशेजारी थांबले. हाक मारली नाही.